जीपला पाणी दाखवणारे मामा

आमच्या कर्जतच्या मामलेदार कचेरीत नवा साहेब आला की आधी खुर्चीत बसायचा आणि मग टांग्यात. सरकारच्या लेखी तो खुर्चीत बसला की रुजू झाला. मामांच्या लेखी मात्र टांग्यात बसेपर्यंत त्याचं काही खरं नसे.

मामा म्हणजे कचेरीचा टांगा हाकणारे. कचेरीचा टांगा असं म्हणायचं एवढंच. टांगा त्यांचा, घोडा त्यांचा, सरकार फक्त भाडं देई. त्यांचं नाव तसं सगळ्यांना ठाऊक होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मामाच म्हणत आणि मीही इथे तेच म्हणतो. उंच, काटकुळे, डोक्याला तांबडं मुंडासं, तोंडात पान. मी फिरतीवर साहेबांबरोबर जाणारा कारकून होतो. दप्तर मांडीवर घेऊन टांग्यात पुढे, मामांच्या शेजारी बसायचं हे माझं काम. त्यामुळे मामांच्या बोलण्याचा सर्वांत मोठा वाटा माझ्याच कानांना मिळाला.

टांग्यात साहेबांची जागा मागच्या बाकावर. ज्यांनी टांगा पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की मागचा बाक उलटा असतो. बसणाऱ्याचं तोंड मागे, पाठ घोड्याकडे. काही साहेबांना हे कमीपणाचं वाटे. ते मला मागे बसवत आणि आपण पुढे बसत. मग मामा दिवसभर गप्प. संध्याकाळी घोडा सोडताना मला म्हणत, "भाऊसाहेब, मागं तोंड करून बसनारा साहेब लोकांचा, पुढं तोंड करून बसनारा बदलीचा."

"ते कसं काय?"

"पुढं बगनाऱ्याला मोठं हापिस दिसतं. मागं बगनाऱ्याला टांग्यामागं पळनारं मानूस दिसतं."

असल्या कसोट्या त्यांच्याकडे पुष्कळ होत्या. साहेब जाडा असला तर तोंडावर सांगायचे, "जरा पुढं सरका, टांगा मागं उलाळ होतोय, घोड्याला लटकवताय का वर?" एका साहेबांना हे इतकं लागलं की त्यांनी रात्रीचा भात सोडला. मामांनी महिनाभराने त्यांना शाबासकी दिली, तीही रस्त्यात, दहा माणसांदेखत.

घोड्याचं नाव दिवाण. पांढरा होता असं मामा म्हणत. आम्हाला तो मळक्या धोतराच्या रंगाचा दिसे. दिवाण जोरात पळाल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि मामांनीही त्याला कधी चाबूक लावला नाही. चाबूक टांग्यात खोवलेला असे, पण तो शोभेला. "साहेबाच्या कमरेला पट्टा असतो, तो काय मारायला असतो?" असं त्यांचं म्हणणं.

आता डोणीचं सांगतो. पळसदरीच्या रस्त्याला अलीकडे ओढा लागतो, तिथे एक मोठं करंजाचं झाड होतं आणि त्याखाली गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. दिवाण तिथे थांबायचाच. मामांनी लगाम ओढो न ओढो, करंजाची सावली अंगावर आली की त्याचे पाय आपोआप थांबत. तो पाणी प्यायचा, मान हलवायचा, पुन्हा प्यायचा. तोवर साहेब उतरून पाय मोकळे करत. आणि तेवढ्या वेळात करंजाच्या बुंध्याआडून माणसं निघत. कुणाची बांधाची तक्रार, कुणाला रेशनचं धान्य मिळत नाही, कुणाचा भाऊ वाटणी देत नाही. ज्यांना कचेरीच्या पायरीवर शिपाई "उद्या या" म्हणायचा, ते सगळे इथे भेटत. साहेबांना तरी दुसरं काय काम होतं? घोड्याचं पोट भरेपर्यंत ऐकत उभे राहत. दिवाणाला किती तहान लागायची, हे त्या दिवशी झाडाखाली किती माणसं आहेत यावर ठरे, असा माझा संशय होता. डोण कोरडी झाली तरी तो घोडा तोंड खाली घालून उभा राहिलेला मी पाहिला आहे.

यात मामा काही साधुसंत नव्हते. प्रत्येक तक्रारीची पहिली सुनावणी त्यांच्यापुढे होई आणि तिची फी म्हणून करवंदांचा द्रोण, काकडी, निदान चहा तरी लागे. "तुजं काम खोटं हाय, साहेबापुढं जाऊ नको, उगा माजा वेळ खातोस," असा निकाल देऊन एखाद्याला परतही पाठवत. माणसं त्यांना साहेबांहून जास्त भीत असत आणि त्यांना ते मनापासून आवडे.

मग जीप आली. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, सगळीकडे काही ना काही नवं येत होतं. जीप आधी खालापूरच्या साहेबांना मिळाली, कारण खालापूर मुंबई-पुण्याच्या हमरस्त्याला. आमच्या कचेरीला हा अपमान फार झोंबला. खालापूरचे कारकून बैठकीला जीपमधून यायचे आणि आम्ही टांग्यातून उतरताना ते मुद्दाम घड्याळात पाहायचे. मामांनी त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं, "तुजी ही बया पेट्रोल पिते ते ठीक हाय, पन पिऊन झाल्यावर मान हलवते का?" ड्रायव्हर काच पुसायला लागला. मामा जिंकल्याच्या थाटात पान लावायला बसले.

पण वर्षाच्या आत आम्हालाही जीप आली आणि टांग्याचं भाडं बंद झालं. मामांच्या पोटावर पाय आला खरा, पण तेव्हाच्या म्हाताऱ्या साहेबांनी त्यांना सांगितलं की गाडी शिका, तुम्हालाच ठेवून घेतो. मामांनी टांगा नेरळच्या एका माणसाला विकला. घोडा विकला नाही. भाताच्या कापलेल्या खाचरात खालापूरच्या त्याच ड्रायव्हरकडून ते जीप शिकले आणि पहिल्याच दिवशी ब्रेक लावायच्या ऐवजी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढून "हो हो हो" करत एका गवताच्या उडवीत शिरले. उडवीवाल्याशी भांडण झालं ते वेगळंच. मामांचं म्हणणं, उडवीच रस्त्यात आली.

शिकले मात्र. परवाना मिळाला, खाकी कपडे मिळाले, मुंडासं तसंच राहिलं. हॉर्न ते वाजवत नसत. "हारन कुनाला वळखत नाय, मी वळखतो," म्हणत आणि खिडकीबाहेर डोकं काढून ओरडत, "ए धोंडू, बाजूला हो रं! पोरीचं जमलं का?" धोंडूही बाजूला होत होत जमलं की नाही ते सांगे. दसऱ्याला कचेरीत जीपची पूजा असे. मामा त्या दिवशी दिवाणाला धुऊन आणत आणि पहिला हार त्याला घालत, जीपला दुसरा. विचारलं तर म्हणत, "त्याची सर्व्हिस जास्त हाय."

जीप घेऊन पहिल्यांदा पळसदरीला निघालो तेव्हा करंजापाशी गाडी थांबली. मामा उतरले, बॉनेट उघडलं, फडकं भिजवून आत कुठेतरी ठेवलं, डोणीतून डबा भरून आणला.

"काय झालं?" म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं.

"तापली साहेब. पानी दावाया लागंल."

साहेब उतरले. करंजामागून माणसं निघाली. मी मामांकडे पाहिलं, तर ते इंजिनात डोकं घालून बसलेले. बाहेर फक्त मुंडासं दिसत होतं. पुढे प्रत्येक फेरीला गाडी करंजापाशी तापू लागली. हिवाळ्यात तापली, पहाटे तापली. म्हाताऱ्या साहेबांना सगळं कळत असावं, पण त्यांना मागे बसायची सवय होती. ते काही बोलले नाहीत आणि वर्ष भरायच्या आत निवृत्त झाले.

नवे साहेब तरुण होते. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. जीपवर त्यांचा फार जीव. पुढे बसायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि ज्या गावी अकराला पोचायचं तिथे अकराला पोचायचे. पहिल्या काही फेऱ्यांना त्यांनी करंजाखालचा तो प्रकार सोसला. मग एक दिवस मामांना न सांगता खोपोलीहून मेकॅनिक बोलावला. त्याने जीप उघडून पाहिली, चालवून पाहिली आणि सांगितलं, "इंजन ठणठणीत आहे साहेब. या गाडीला पाणी लागलंच तर ते धुवायला लागेल."

साहेबांनी मामांना आत बोलावलं. मी टेबलाशी होतोच.

"मामा, गाडीला काहीही झालेलं नाही."

"माजं बी तेच म्हननं हाय साहेब. जपतो मी तिला."

"मग ती करंजापाशीच का तापते?"

मामांनी जरा विचार केला. "दिवाण बी तितंच तापायचा."

मला हसू दाबता येईना, पण साहेब हसले नाहीत. "तुम्ही अजून हंगामी आहात. कायम करायचं की नाही, हे मला या महिन्यात ठरवायचंय. इथून पुढे मी सांगितल्याशिवाय गाडी वाटेत थांबली, तर तुम्ही घरी बसायचं. कळलं?"

बाहेर येऊन मामा कचेरीच्या पायरीवर बसले. पान लावलं आणि ते तसंच हातात धरून राहिले.

"भाऊसाहेब, टांगा तर मी इकून बसलोय. माजं काय, कुटंबी भाकरी मिळंल. पन दिवाणाचं? म्हाताऱ्या घोड्याला कोन हरभरा घालतंय?" मग जरा वेळाने म्हणाले, "आन् त्या पळसदरीच्या म्हातारीला मी मंगळवारी डोनीवर बस म्हनून सांगून आलोय."

त्या म्हातारीला मी ओळखत होतो. विधवा बाई, एकटी, भाताचं एकच खाचर. शेजाऱ्याने तिच्या शेतात जाणाऱ्या वाटेवर काटेरी कुंपण घातलं होतं. वाट वडिलोपार्जित वहिवाटीची, पण शेजारी म्हणे, दाखव कुठाय वाट. रोहिणी लागल्या होत्या, रोपांसाठी राब भाजून झाले होते, गावात नांगर निघायच्या तयारीत होते. वाट मोकळी झाली नाही तर तिचे बैल शेतात उतरणार कसे? अशी वाट मोकळी करून द्यायचा अधिकार आमच्या साहेबांचाच. पण ती कचेरीत आली की साहेब फिरतीवर, आणि साहेब कचेरीत असले की शिपाई तिला उद्या बोलावणार.

"मामा, साहेबांना सरळ सांगून टाका ना," मी म्हटलं.

"सांगून ऐकत्यात व्हय साहेब? दिसाया पायजे." एवढं बोलून त्यांनी ते पान तोंडात टाकलं आणि उठले.

मंगळवारी सकाळी साहेब पायऱ्या उतरले. अंगात पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची पँट. मामा जीपच्या पुढच्या सीटजवळ चिंताक्रांत चेहऱ्याने उभे.

"साहेब, आज पुढं बसू नका. शीटाची स्प्रिंग वर आलीया. प्यांट फाटंल."

"मग?"

"मागं बसा. भाऊसाहेब बसतील पुढं. त्यांची प्यांट जुनी हाय."

साहेबांनी आपल्या पँटीकडे पाहिलं, मग माझ्या, आणि निमूट मागे चढले. जीपच्या मागच्या बाजूला दोन्ही कडांना समोरासमोर बाकड्या असतात. तिथे बसलं की नजर आपोआप उघड्या मागच्या तोंडातून रस्त्यावर जाते. मामांनी मागचा कापडी पडदा नीट गुंडाळून वर बांधला. "वारा लागंल साहेब," म्हणाले. मी पुढे जपून, अर्धवट टेकलो. मग पुरता बसलो. काहीच टोचलं नाही. मामांकडे पाहिलं, तर मामा समोर बघत होते.

ओढा जवळ आला. करंजाखाली माणसं दिसली. जीपचा आवाज ऐकून ती उठली, कपडे झटकले, कुणी टोपी नीट केली. म्हातारी सगळ्यांत पुढे होती.

जीप थांबली नाही.

थांबली नाही, पण अशी हळू झाली की दिवाणही तिच्या पुढे गेला असता. करंज मागे गेलं, डोण मागे गेली. माणसांना आधी वाटलं असावं की गाडी पुढे सावली बघून थांबेल. मग त्यांना कळलं. म्हातारीने लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती पळायला लागली. तिच्यामागे बाकीचे. मी मान वळवून पाहत होतो. मामांनी एकदाही मागे पाहिलं नाही. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती आणि ओठ हलत होते. उतारावर दिवाणाशी बोलायचे तसं ते जीपशी बोलत होते, हळू, बाय, हळू.

मागून साहेबांचा आवाज आला, "मामा, ती माणसं का पळताहेत?"

"मला मागचं दिसत नाय साहेब."

"मामा, गाडी थांबवा."

"थांबायचा हुकूम नाय."

"अहो, ती बाई पडेल! थांबवा म्हणतो ना मी!"

"तुमीच सांगितलं ना, साहेब? भाऊसाहेब, तुमी ऐकलं?"

"ऐकलं," मी म्हटलं. मामांनी ब्रेक दाबला.

म्हातारी येऊन जीपच्या मागच्या दांडीला धरून उभी राहिली. धापेमुळे तिला बोलता येईना. साहेब खाली उतरले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर मामा इंजिनसाठीचा पाण्याचा डबा घेऊन आधीच तिथे हजर. साहेबांनी तो तिच्या हातात दिला. ती प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "साह्यब, माजी वाट."

साहेब तिच्याबरोबर चालत गेले. कडक इस्त्रीची पँट घालून बांधाबांधाने, ढेकळांतून. शेजाऱ्याने बरीच बडबड केली. साहेबांनी दोघांचंही ऐकलं, जमलेल्या म्हाताऱ्यांना विचारलं आणि कुंपण तिथल्या तिथे काढायला लावलं. म्हातारी त्या मोकळ्या झालेल्या वाटेवरून आपल्या खाचरापर्यंत गेली आणि परत आली, उगीचच. मग पुन्हा गेली. मला वाटतं त्या दिवशी पळसदरीला आम्ही अकराला पोचायचे ते दुपारी पोचलो, आणि साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

परतायच्या वेळी साहेब जीपच्या पुढच्या बाजूला आले. हाताच्या तळव्याने सीट दाबून पाहिली. इथून दाबली, तिथून दाबली.

"मामा, स्प्रिंग कुठाय?"

मामा आभाळाकडे बघत म्हणाले, "बसली वाटतं खाली. सरकारी हाय साहेब, कवा वर येईल सांगता येत नाय."

साहेब बराच वेळ मामांकडे बघत राहिले. मागे जाऊन आपल्याआपण बाकडीवर बसले. आम्ही निघालो. करंज दिसायला लागलं तेव्हा मागून आवाज आला, "मामा, गाडी तापलीय का बघा."

मामांनी गाडी थांबवली. उतरून बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले, वैद्य नाडी बघतो तसे. "लई तापलीया, साहेब," म्हणाले आणि डबा घेऊन डोणीकडे वळले. झाडाखाली सकाळची दोन-तीन माणसं अजून बसून होती.

मामा कायम झाले. साहेब त्यानंतर कधी पुढे बसले, कधी मागे. पण करंज आलं की स्वतःच विचारत. दिवाण त्यानंतर काही वर्षं जगला, मामांच्या पगारावर हरभरा खाऊन. "मी सरकारची चाकरी करतो आन् माजा घोडा पेन्शन खातो," असं ते अभिमानाने सांगत. तो गेला त्या दिवशी मामांनी रजा मागितली. कारण विचारलं तर म्हणाले, घरातलं मानूस गेलं. कोण म्हणून कुणी विचारलं नाही. आम्ही कचेरीतले सगळे संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसलो. मी तेव्हा रडलो, आणि सांगायला लाजतही नाही.

माझ्या बदल्या होत गेल्या. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना फिरून कर्जतला आलो, तोवर मामाही गेले होते. कचेरीत नवी डिझेलची जीप होती. ड्रायव्हर शेलूचा, तरुण. घोड्याचा टांगा त्याने एखाद्या लग्नाच्या वरातीत पाहिला असेल तेवढाच. साहेबही नवे. पहिल्याच फेरीला पळसदरीकडे निघालो, तर करंजापाशी जीप थांबली. ड्रायव्हर उतरला आणि बॉनेट उघडायला लागला.

मीही उतरलो. "काय रे, काय झालं?"

"काय नाय साहेब. इथं गाडीला पानी लागतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"आधीच्या डायवरनी. त्याला त्याच्या आधीच्यानी. पयल्यापासून हाय तसं. इथलं चढन असंल बगा." एवढं सांगून तो डबा घेऊन डोणीकडे गेला. थट्टा नव्हती त्याच्या बोलण्यात, त्याचा तसा विश्वासच होता.

तिथे चढण नाही, सपाट रस्ता आहे. मी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. थंडगार होतं. करंजाच्या बुंध्याआडून माणसं उठत होती, एकजण टोपी नीट करत होता. पुढच्या सीटवरून साहेबांनी वैतागून डोकं बाहेर काढलं.

"तुम्ही इथले जुने आहात ना? हा काय प्रकार आहे?"

"तापलीय, साहेब," मी म्हटलं. "उतरा जरा. वेळ लागेल."